शिकागो रिव्हरवॉक: येण्याआधी सगळे विचारतात ते प्रश्न

एप्रिल लागला की भारतातून येणाऱ्या नातेवाईकांचे आणि इकडच्याच दुसऱ्या राज्यांतून फिरायला येणाऱ्या मित्रमंडळींचे मेसेज सुरू होतात, आणि रिव्हरवॉकबद्दलचे प्रश्न बहुतेक तेच तेच असतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय. आम्ही २०१३ ला पुण्याहून इकडे आलो, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला राहतो, आणि या काठाचा अर्धा भाग माझ्या डोळ्यांसमोर बांधला गेलाय. जीव जडलाय या जागेवर, त्यामुळे काही उत्तरं लांबलीत. घाई असेल त्यांनी फक्त आपल्या कामाचा प्रश्न शोधा.

रिव्हरवॉक म्हणजे नेमकं काय? लेकच्या कडेचा रस्ता तोच का?

नाही, दोन्ही वेगळे. लेक मिशिगनच्या कडेने जातो तो लेकफ्रंट ट्रेल, तो खूप लांब आहे. रिव्हरवॉक म्हणजे शिकागो नदीच्या मुख्य शाखेचा दक्षिण काठ, लेक शोअर ड्राइव्हपासून पश्चिमेला लेक स्ट्रीटपर्यंत, साधारण सव्वा मैल म्हणजे दोन किलोमीटर. (लेक स्ट्रीट नाव असलं तरी ते टोक लेकपासून लांबचं आहे, यावरून दरवर्षी कोणीतरी चुकतं.) वर वॅकर ड्राइव्हची रहदारी, उंच इमारती, बस, हॉर्न, आणि पायऱ्या उतरून खाली आलात की एकदम पाण्याच्या बरोबरीला येता. हा फरकच अनुभवायचाय. वरून नुसती नदी बघून परत गेलेले लोक मला भेटलेत, त्यांना मी पुन्हा पाठवते.

तिकीट किती? किती ते किती उघडं असतं?

तिकीट नाही. सकाळी ६ ते रात्री ११, वर्षभर. खाण्यापिण्याची दुकानं आणि कायाकवाले (छोट्या वल्ह्याच्या होड्या देणारे) मात्र सीझनमध्येच, साधारण मे ते ऑक्टोबर.

कसं पोचायचं? गाडी आणू का?

शक्यतो नको. ओहेअर विमानतळावर उतरून सरळ येणार असाल तर ब्लू लाइन ही लोकल ट्रेन पकडा आणि क्लार्क/लेकला उतरा, तिथून नदी दोन-तीन मिनिटांवर. आमच्यासारखे नेपरव्हिल, ऑरोराकडून येणारे मेट्राने (उपनगरी रेल्वेने) युनियन स्टेशनला उतरतात आणि तिथून चालत लेक स्ट्रीटच्या टोकाला येतात, दहा-पंधरा मिनिटं लागतात. हेच टोक मला सुरुवातीला आवडतं, कारण इथून पूर्वेकडे चालत गेलं की जुन्या गोदामांच्या भागातून हळूहळू मोठमोठे टॉवर आणि शेवटी मोकळं आकाश आणि लेक असं सगळं क्रमाने उलगडत जातं.

गाडी आणायचीच असेल तर पार्किंग आधीच अॅपवर बुक करा, ऐनवेळी शोधलंत तर खिसा रिकामा होईल. आणि लोअर वॅकरमध्ये, म्हणजे रस्त्याच्या खालच्या मजल्यावर, शिरलात की जीपीएस हमखास गोंधळतं, गाडी वर आहे की खाली हे त्याला कळत नाही. पहिल्यांदा चालवणाऱ्याने वरच्याच रस्त्याने यावं.

आईचे गुडघे दुखतात, तिला जमेल का? व्हीलचेअर जाते का?

जमेल, फक्त कुठून उतरायचं ते ठरवून या, कारण बऱ्याच जागी नुसते जिने आहेत. क्लार्क आणि लासाल स्ट्रीटच्या मध्ये रिव्हर थिएटर म्हणून भाग आहे, तिथे मोठ्या पायऱ्यांच्या मधूनच नागमोडी रॅम्प काढलाय, तो सोयीचा. पश्चिमेच्या लेक स्ट्रीटच्या टोकाला पण चढावाचा रस्ता आहे. एकदा खाली उतरलात की पुलांखालूनच पुढे जाता येतं, सिग्नल ओलांडायला परत वर यावं लागत नाही. सासूबाई ७४ च्या होत्या तेव्हा लेक स्ट्रीटपासून मिशिगन अॅव्हेन्यूपर्यंत बसत बसत आल्या, दोन तास लागले, पण बसायला जागा भरपूर आहे.

यायला चांगला महिना कोणता?

जूनचा पहिला पंधरवडा किंवा सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये शनिवारी संध्याकाळी खांद्याला खांदा लागतो. थंडीत या म्हणेन मी, पण अंगात दोन थर आणि कानटोपी घालून, आणि अर्धाच तास. पुलाखालून वारा असा येतो की डोळ्यांतून पाणी काढतो. तरी जानेवारीत नदीवर बर्फाच्या लाद्या तरंगत असतात आणि काठावर चिटपाखरू नसतं, ते दृश्य ज्याने बघितलं तो विसरत नाही.

दोन किलोमीटरमध्ये बघायचं काय? सगळीकडे सारखंच असेल ना?

अजिबात नाही, आणि हीच या जागेची खरी करामत. नदीवर जवळजवळ प्रत्येक रस्त्याचा पूल आहे, त्यामुळे दोन पुलांच्या मधला प्रत्येक तुकडा एकेक खोलीसारखा सुटा पडतो. डिझाइन करणाऱ्यांनी (रॉस बार्नी आर्किटेक्ट्स आणि सासाकी) ही अडचण न मानता प्रत्येक खोलीला वेगळं काम दिलं. स्टेट ते डिअरबॉर्न मरिना, तिथे बोटी लागतात आणि लोक खात-पीत बसतात. डिअरबॉर्न ते क्लार्क कोव्ह, तिथे कायाक पाण्याला लागतात. मग क्लार्क ते लासाल ते रिव्हर थिएटर, रस्त्यापासून थेट पाण्यापर्यंत उतरणाऱ्या रुंद पायऱ्या आणि पायऱ्यांमध्येच लावलेली झाडं. मला ते बघून दरवेळी घाटच आठवतो. वाईला कृष्णेवर लोक जसे काही काम नसताना नुसते पाण्याकडे बघत बसतात ना, तसेच इथे ऑफिस सुटल्यावर लोक बसतात, बूट काढून, डबा उघडून. पुढे लासाल ते वेल्स वॉटर प्लाझा, त्यात जमिनीतून उडणारी कारंजी. वेल्स ते फ्रँकलिन जेटी, तिथे पाण्यात तरंगते वाफे आहेत, त्यातल्या झाडांच्या मुळांशी मासे राहतात, आणि शेवटी फ्रँकलिन ते लेक स्ट्रीट बोर्डवॉक, म्हणजे फळ्यांचा रस्ता.

हे सगळं किती अरुंद जागेत बसवलंय ते मुद्दाम बघा. नदी जहाजांच्या वाहतुकीची आहे, त्यामुळे पात्रात पुढे यायला केंद्र सरकारची परवानगी लागली, आणि ती मिळाली फक्त २५ फुटांची, पुलांखाली तर २० च. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या गल्लीएवढ्या रुंदीत हा सगळा प्रपंच मांडलाय. पुलाखालून जाताना वर बघा, चकचकीत स्टीलचे पत्रे लावलेत, ते वरचं गळणारं पाणी अंगावर येऊ नये म्हणून, पण त्यात खालच्या पाण्याचं हलतं प्रतिबिंब दिसतं. माझी मुलगी तिथून हलतच नाही.

याआधी इथे काय होतं?

भाजी बाजार होता. खरंच. साउथ वॉटर स्ट्रीट मार्केट, घोडागाड्या, क्रेट, कुजलेला भाजीपाला, सगळं नदीच्या काठाला टेकून. १९०९ मध्ये डॅनियल बर्नहॅम आणि एडवर्ड बेनेट यांनी शिकागोचा मोठा आराखडा मांडला, त्यात नदीकाठ लोकांसाठी असावा ही कल्पना होती. चार्ल्स वॅकर नावाचे गृहस्थ या आराखड्याच्या कमिशनचे अध्यक्ष होते, वर्षानुवर्षं पाठपुरावा करून शेवटी बाजार हलवला आणि १९२६ मध्ये दुमजली वॅकर ड्राइव्ह उघडला, वर मोटारी आणि खाली मालाची वाहतूक. पण पाण्याच्या कडेला माणसांनी यावं हा भाग राहूनच गेला. पाऊणशे वर्षं तिथे खांब, पार्किंग, अंधार. शहराने नदीकडे पाठ केली होती असं जुने लोक सांगतात, आणि ते शब्दशः खरं होतं, जुन्या कितीतरी इमारतींची मागची बाजू नदीकडे आहे.

नंतरचं सगळं तुकड्या-तुकड्याने झालं. २००१-०२ मध्ये वॅकर ड्राइव्ह नव्याने बांधला तेव्हा काठाला जागा मोकळी करता आली, २००५ मध्ये स्टेट आणि वाबॅश स्ट्रीटच्या मध्ये व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांचं स्मारक झालं (तिथे थोडं थांबा, वाहतं पाणी आणि भिंतीवरची नावं आहेत, लोक हळू आवाजात बोलतात), २००९ मध्ये मिशिगन अॅव्हेन्यूच्या पुलाखालून आणि पुढे स्टेटपर्यंतचे जोड झाले. आम्ही आलो तेव्हा स्टेटच्या पश्चिमेला खाली चालण्यासारखं काही नव्हतंच. २०१५ मध्ये लासालपर्यंत, २०१६ मध्ये लेक स्ट्रीटपर्यंत. म्हणजे कागदावरच्या कल्पनेपासून शेवटच्या फळीपर्यंत १०७ वर्षं.

नदी उलटी वाहते म्हणतात ते खरं का?

हो, आणि ही गोष्ट कळल्याशिवाय रिव्हरवॉक कळत नाही, म्हणून सविस्तर सांगते.

मूळ नदी लेक मिशिगनमध्ये जायची. शहराचं सगळं सांडपाणी नदीत, नदी लेकमध्ये, आणि पिण्याचं पाणी त्याच लेकमधून. टायफॉइड वगैरे साथी सतत. मग त्यांनी असा एक कालवा खणला, २८ मैल लांब, की नदीचा उतारच फिरला, आणि २ जानेवारी १९०० ला पाणी लेककडे जायच्या ऐवजी लेककडून आत, कालव्यातून डे प्लेन्स नदीला, तिथून इलिनॉय नदीला आणि पुढे मिसिसिपीला जायला लागलं. खालच्या बाजूला सेंट लुइस शहर. त्यांना हे कसं आवडेल? त्यांचं मिझुरी राज्य सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९०६ मध्ये हरलं, नुकसान सिद्ध करता आलं नाही. इंजिनियरिंग म्हणून थक्क करणारं काम आहे, पण आपला मैला दुसऱ्याच्या दारात पाठवला हेही तितकंच खरं, आणि दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवाव्यात असं मला वाटतं.

एक सूचना: १८८५ मध्ये कॉलराने ९० हजार माणसं गेली म्हणून नदी फिरवली, असं कोणी सांगितलं तर मान डोलावू नका. ही दंतकथा आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये मोठा पाऊस झाला आणि लोक घाबरले हे खरं, पण तशी साथ आलीच नव्हती.

आता लेकच्या तोंडाशी लॉक आहे, म्हणजे पाण्याचे मोठे दरवाजे, १९३८ पासून. बोटी त्यातून आत-बाहेर करतात. फारच भयानक पाऊस झाला तर ते दरवाजे उघडून नदीचं पाणी लेकमध्ये सोडावं लागतं, २ जुलै २०२३ ला तसं झालं होतं, म्हणजे तेवढा वेळ नदी पुन्हा जुन्या दिशेला गेली.

पाणी स्वच्छ आहे का? वास येतो का?

एरवी नाही. मोठ्या पावसानंतर एक-दोन दिवस येतो, आणि त्याचं कारण असं की इथल्या जुन्या ड्रेनेजमध्ये पावसाचं पाणी आणि मैलापाणी एकाच पाइपातून जातं, पाइप भरला की जास्तीचं नदीत. हे थांबवायला १९७५ पासून जमिनीखाली बोगदे खणायला घेतले, डीप टनेल म्हणतात त्याला. १०९ मैलांचे बोगदे, काही ठिकाणी ३०० फूट खोल, ते २००६ मध्ये पूर्ण झाले, आणि त्यांना जोडलेले प्रचंड तलाव, थॉर्नटनचा २०१५ मध्ये, मकूकच्या तलावाचा पहिला भाग २०१७ मध्ये. पावसाचं घाण पाणी तिथे साठवायचं, मग सावकाश शुद्ध करून सोडायचं. शिवाय २०१५-१६ पासून दोन मोठ्या प्लांटमध्ये बाहेर सोडायच्या पाण्याचं निर्जंतुकीकरण सुरू झालं, त्याआधी तेही होत नव्हतं.

तारखा बघा जरा. बोगदे १९७५ पासून, काठ सजवला २००१ नंतर. आधी पाणी, मग काठ. लोक फोटो काढतात पायऱ्यांचे, पण त्या पायऱ्यांवर नाक न दाबता बसता येतं ते या न दिसणाऱ्या बोगद्यांमुळे. मला या सगळ्या प्रकल्पातलं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं आणि त्याचा फोटो कोणीच काढत नाही.

मग मासे वगैरे आहेत का?

आहेत. सत्तरच्या दशकात जेमतेम दहा-एक जाती सापडायच्या, आता आतापर्यंत नोंद झालेल्या जाती ७० च्या वर गेल्यात. गळ टाकून बसलेले लोक दिसतील, पण सोळा आणि त्यावरच्या वयाच्यांना इलिनॉयचं लायसन्स लागतं. बीव्हर आहेत, बगळे आहेत. २०२३ च्या मे महिन्यात जुन्या साखळदंडांवर ऊन खात बसलेल्या एका अवाढव्य कासवाचा व्हिडिओ फिरला होता, लोकांनी त्याचं नाव चाँकोसॉरस ठेवलं. एका कासवाने अख्खं शहर खूश झालं होतं तेव्हा. ज्या नदीची किळस यायची तिच्यात एवढं धष्टपुष्ट काहीतरी जगतंय याचाच तो आनंद होता.

पोहता येतं का?

तुम्ही-आम्ही उडी मारायची नाही. पण २१ सप्टेंबर २०२५ ला डाउनटाउनमध्ये नदीत अधिकृत पोहण्याचा कार्यक्रम झाला, एएलएस या आजाराच्या संशोधनासाठी निधी जमवायला, तब्बल ९८ वर्षांनी पहिल्यांदा. आम्ही सकाळी लवकर जाऊन उभे राहिलो होतो. पुलांवर माणसंच माणसं, आणि खाली रंगीत टोप्या घातलेली डोकी त्या हिरव्या पाण्यातून हात मारत चालली होती. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, जन्मापासून इथले, ते रडत होते.

नदी हिरवी करतात ती कधी?

सेंट पॅट्रिक्स डे या आयरिश सणाच्या परेडच्या दिवशी, मार्चमधल्या शनिवारी सकाळी. १९६२ पासून प्लंबर लोकांची युनियन हे करते. पावडर केशरी असते आणि पाण्यात पडली की हिरवीगार होते. गर्दी अफाट, लहान मूल कडेवर घेऊन जायची जागा नाही ती. दुपारनंतर जा, रंग बऱ्यापैकी टिकलेला असतो.

पूल उघडताना बघायला मिळतील का?

वसंतात आणि शरदात मिळतील. शिडाच्या बोटी हिवाळ्यात आतल्या यार्डांत ठेवतात, त्या उन्हाळ्याआधी लेककडे जातात आणि थंडीआधी परत येतात, तेव्हा बहुतेक बुधवारी आणि शनिवारी एकामागून एक पूल वर होतात. एवढा अवजड पूल, पण मागच्या बाजूला तोलाचं वजन असतं म्हणून छोट्याशा मोटरवर उचलला जातो, आपल्या विहिरीवरच्या ओकतीचं (एका टोकाला वजन बांधलेल्या दांड्याचं) तत्त्व तेच. मिशिगन अॅव्हेन्यूच्या पुलाला (१९२०चा, आता नाव डुसेबल ब्रिज, शहराच्या पहिल्या कायमच्या रहिवाशाच्या नावावरून, मूळ आदिवासी सोडून) एक पाच मजली पूलघर आहे, त्यात म्युझियम केलंय आणि आतली दाती चाकं बघता येतात. मेकॅनिकलवाल्या मंडळींना तिथेच सोडा आणि तासाने न्यायला या.

लहान मुलं आहेत, सेफ आहे का?

हे नीट वाचा. बऱ्याच ठिकाणी पाण्याच्या कडेला कठडा नाही. दोन-चार वर्षांच्या मुलाचा हात एक क्षण सोडायचा नाही, स्ट्रोलरचा ब्रेक लावल्याशिवाय फोटो काढायचे नाहीत. उन्हाळ्यात वॉटर प्लाझाच्या कारंज्यात मुलं तासभर खेळतात, कपड्यांचा जादा जोड आणि टॉवेल आणा.

रात्रीबद्दल पण विचारतात सगळे. उन्हाळ्यात नऊ-दहापर्यंत भरपूर माणसं असतात, काही वाटत नाही. एकटं असाल तर उशिरा वरच्या रस्त्यानेच चाला.

वॉशरूम?

आहेत, पण थंडीत भरवसा धरू नका. मिशिगन अॅव्हेन्यूवर शिकागो कल्चरल सेंटर आहे, चालत पाच-सात मिनिटं, फुकट, आणि आत टिफनी काचेचा जगातला सगळ्यात मोठा घुमट आहे. १८९७ ची इमारत. वॉशरूमसाठी गेलेले आमचे पाहुणे तिथेच दोन तास रमलेत.

शाकाहारी खायला काय मिळतं? घरचा डबा चालतो का?

डबा चालतो, आणि मी तेच सांगेन. दुकानांत फ्राइज, पिझ्झा, आइस्क्रीम, कुठे बीन्सचे टाको एवढंच, आणि किंमत काठाची. थालीपीठ, दही, चटणी घेऊन रिव्हर थिएटरच्या पायऱ्यांवर बसा, कोणी काही म्हणत नाही, उलट शेजारचे विचारतात काय आहे म्हणून. दारू मात्र बाहेरून आणायची नाही. आपल्याकडचं साग्रसंगीत जेवण हवं असेल तर डेव्हन अॅव्हेन्यूला जावं लागेल, ते इथून लांब आहे.

एक गोष्ट मला खटकते ती सांगते. दुकानांची टेबलं वाढत वाढत चाललीत आणि काही न घेता नुसतं बसायच्या जागा काही तुकड्यांत कमी झाल्यात. त्यामागे कारण आहे, ते पुढच्या उत्तरात.

एवढ्या सगळ्याला पैसा कुठून आला?

स्टेट ते लेक स्ट्रीट या भागासाठी शहराने केंद्राच्या वाहतूक खात्याकडून जवळपास १० कोटी डॉलरचं कर्ज घेतलं, ३५ वर्षांत फेडायचं, आणि ते फेडायचं इथल्याच दुकानांच्या भाड्यातून आणि टूर बोटींच्या पैशातून. म्हणून तिथे बार जास्त आणि बाक कमी वाटतात. मला समजतं ते, तरी आयता वाइनचा ग्लास परवडणारा आणि न परवडणारा दोघंही पाण्याला सारखेच जवळ बसले पाहिजेत, एवढं भान शहराने ठेवावं.

बोट टूर घ्यावी का?

पाहुणे पहिल्यांदा आले असतील तर हो, दीड तासाची आर्किटेक्चर टूर घ्या, शिकागो आर्किटेक्चर सेंटरची चांगली आहे, मिशिगनच्या पुलाशी सुटते. बाबांना इंग्लिश भरभर कळत नसेल तर आधी घरी चार इमारती ओळखायला शिकवा, मग मजा येते. मरिना सिटीचे मक्याच्या कणसासारखे जोड टॉवर, खालच्या १९ मजल्यांवर गाड्या उभ्या दिसतात. १९३० चं मर्चंडाइज मार्ट, बांधलं तेव्हा जगातली सगळ्यात मोठी इमारत. नदीच्या वळणावर वळलेली हिरव्या काचेची ३३३ वेस्ट वॅकर, १९८३ ची, तिच्यात अख्खी नदी दिसते. आणि जीन गँग या बाईंचा सेंट रेजिस टॉवर, वरती एक मजला मुद्दाम उघडा ठेवलाय, वारा आरपार जावा म्हणून.

बजेट कमी असेल तर सीझनमध्ये वॉटर टॅक्सी घ्या, माहिती सांगत नाहीत पण पाणी तेच. आणि संध्याकाळी वेल्स-फ्रँकलिनच्या भागात बसलात तर समोर मर्चंडाइज मार्टच्या अख्ख्या भिंतीवर प्रकाशचित्रं सोडतात, २०१८ पासून, सीझनमध्ये, फुकट. जायच्या आधी वेळ बघून घ्या.

पूर येतो का?

येतो. मे २०२० मध्ये अख्खा रिव्हरवॉक पाण्याखाली होता. पण पाणी जवळपास सात फूट वर-खाली होणार हे धरूनच तो बांधलाय, त्यामुळे पाणी ओसरलं की धुऊन परत सुरू.

पुराची याहून अजब गोष्ट १९९२ ची. १३ एप्रिलला किन्झी स्ट्रीटच्या पुलाजवळ पात्रात ठोकलेल्या खांबांमुळे खालच्या जुन्या माल-बोगद्याला पडलेलं भोक मोठं झालं आणि नदी बोगद्यात शिरली. रस्ते कोरडे आणि डाउनटाउनच्या इमारतींची तळघरं पाण्याने भरलेली, माशांसकट. भोक बुजवायला दगड टाकले, सिमेंट टाकलं, गाद्यासुद्धा टाकल्या.

आपल्या पुण्यात असं का होत नाही?

सगळ्यात जास्त वेळा हाच प्रश्न येतो, आणि मीही नदीपात्राजवळ वाढलेली, त्यामुळे मनापासून उत्तर देते.

मुळा-मुठेवर ४४ किलोमीटरचा नदीकाठ प्रकल्प सुरू आहे, २०२२ मध्ये त्याची पायाभरणी झाली, बंडगार्डनच्या बाजूला काम दिसतंय. झाडं तोडण्याविरुद्ध २०२३ मध्ये लोक चिपकोचा मोर्चा घेऊन रस्त्यावर आले तेही सगळ्यांना आठवत असेल. शिकागोचे फोटो दाखवून असं करा म्हणणाऱ्यांना मी दोन गोष्टी सांगते. एक, इथली मुख्य शाखा जवळजवळ कालवाच आहे, पाण्याची पातळी लॉकने धरून ठेवलेली, पावसाळ्याचे चार महिने असा प्रकारच नाही. मुठेला खडकवासल्यातून पाणी सोडलं की ती बघता बघता पात्रभर पसरते, २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडला एकतानगरीत काय झालं ते आपण बघितलंय, आणि १९६१ चं पानशेत आजी-आजोबांनी सांगितलंय. अशा नदीला इथल्यासारखी २५ फूट पुढे येऊन भिंत घालता येत नाही, तिला तिची रुंदी लागते. दुसरं ते वर लिहिलंय तेच, बोगदे आधी. पुण्यात सांडपाण्याच्या नव्या प्लांटचं काम जपानच्या मदतीने वेगळं चाललंय. ते पूर्ण होऊन नदीत काळं पाणी यायचं थांबेल त्या दिवशी ओंकारेश्वराशी जुन्या पायऱ्यांवर नुसतं बसलं तरी पुरेल मला, नवीन फरशी नाही घातली तरी चालेल.

रिव्हर थिएटरजवळ एक पाटी आहे, ती कसली?

ईस्टलँडची. २४ जुलै १९१५ ला सकाळी क्लार्क आणि लासालच्या मध्ये धक्क्याला बांधलेलं ईस्टलँड जहाज जागच्या जागी आडवं झालं. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचे कामगार बायकामुलांसह सहलीला निघाले होते. ८४४ माणसं गेली, काठापासून हाताच्या अंतरावर, काही कुटुंबंच्या कुटुंबं. आपण जिथे डबा उघडून बसतो ती जागा हीच. मी प्रत्येक पाहुण्याला सांगते, आणि मुलांना पण, समजेल अशा शब्दांत.

एकच तास आहे, काय करू?

क्लार्क/लेकला उतरा, लासाल स्ट्रीटने खाली या, ईस्टलँडची पाटी वाचा, पायऱ्यांवर वीस मिनिटं बसा. मग पूर्वेला पुलांखालून चालत मिशिगन अॅव्हेन्यूपर्यंत जा, वाटेत व्हिएतनाम स्मारकापाशी थांबून. तिथे जिना चढून पुलावर उभे राहा आणि पश्चिमेकडे तोंड करा, म्हणजे चालून आलात तो सगळा काठ एका नजरेत दिसेल. संध्याकाळी सातच्या सुमाराला गेलात तर ऊन थेट पाण्यावर असतं.